मामांच्या पिशवीसंबंधी

तीर्थस्वरूप मामांना धांदल्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. वसतिगृहाच्या या खोलीत पलंग आणि टेबलाच्या मधे एवढीच जागा आहे की आठांपैकी फार तर पाच अंगं जमिनीला टेकतील, उरलेली तीन पलंगाखाली अडकतील. तेव्हा पाच पाठवतो, बाकी भेटीत.)

तब्येत कशी आहे असं विचारत नाही. तुम्ही "झकास" म्हणणार आणि खरं काय ते मामीच फोनवर सांगणार. तिच्याकडून कळलं की दोन घास गेले की तुम्ही ताट सारता, कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने आणखी एक भोक पाडून घेतलंय, आणि अंग असं उतरत असताना पोटाचा वरचा भाग तेवढा बोटभर पुढे आलाय. हे सगळं त्या पिशवीचं काम. तुमच्या स्वादुपिंडाला सूज आली होती ती उतरली खरी, पण जाताना जठराच्या मागे पाण्याने भरलेली ही पिशवी ठेवून गेली, आणि ती आता जठराला दाबून बसलीय. ताप आला किंवा थंडी वाजली तर माझी वाट न बघता जवळचा दवाखाना गाठायचा, तिथे मानपान बघायचा नाही. आणि दुसरी एक विनंती. भेटेल त्याला "माझं पिशवीचं ऑपरेशन आहे" असं सांगत फिरू नका. लोकांचा भलताच समज होतो. परवा शेजारच्या काकू मामीकडे आल्या, दार लोटून घेतलं, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, या वयात हे व्हायचंच, आता जड उचलू नकोस. मामीने पुष्कळ सांगितलं की पिशवी यांची आहे. त्यावर काकू जास्तच घाबरल्या.

आता मूळ मुद्द्यावर येतो. (मूळ मुद्द्यावर यायला मला उशीर लागतो हे तुम्ही माझ्या मुंजीच्या वयापासून ऐकवत आला आहात.) ही पिशवी पोट न फाडता रिकामी करता येते. तोंडातून दुर्बीण घालायची, तिच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असतं, त्याने जठराच्या आतून मागची पिशवी बघायची, मधल्या भिंतीला बारीक भोक पाडायचं आणि त्यात एक आखूड नळी बसवायची. पाणी जठरात उतरतं आणि पिशवी बसते. हे करणारे चांगले डॉक्टर आहेत, त्यांनी तुम्हाला तारखासुद्धा देऊ केल्या. पण तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर दिलंत, "घरात डॉक्टर असताना परक्याला पोटात कशाला घेऊ? माझा भाचा शिकून येतोय." मामा, तुम्ही हे बोललात तेव्हा भाच्याच्या स्वप्नातही नव्हतं की तो शिकायला जाणार आहे. मी जातोय ही बातमी मला तुमच्या डॉक्टरांनीच दिली, वर अभिनंदनही केलं. मग काय करता? डोक्याचे केस पांढरे झालेला माणूस दप्तर भरून निघाला. इकडे मी कधी तयार होतो याची वाट बघत तुम्ही बसलाय, आणि तिकडे पिशवी काही कुणाची वाट बघत नाही. मला रोज त्याचाच घोर लागलाय. म्हणून इथे माझी प्रगती कशी चाललीय ते काही न लपवता कळवतो. सावकाश वाचा. दोनदा वाचलंत तरी चालेल.

आमच्या शिकवणाऱ्या डॉक्टरांना सगळे बाई म्हणतात. उंचीने एवढ्याशा आहेत, यंत्रापुढे उभं राहायला पायाखाली लाकडी फळी लागते, पण त्या फळीवर चढल्या की खोलीतले सगळे आपोआप ताठ होतात. ओरडणं नाही, रागावणं नाही, नुसतं "हं" म्हणतात. मला वाटलं हं म्हणजे हो, आणि मी बरेच दिवस खुशीत होतो. मग माझ्याबरोबर शिकणाऱ्या छोटीने मला बाजूला घेतलं. (छोटी म्हणजे चांगली डॉक्टर आहे, पण मी कॉलेजात होतो तेव्हा ती पाळण्यात असणार.) ती म्हणाली, सर, बाईंचा हं नाकातून आला तर समजायचं पुन्हा करा, घशातून आला तर समजायचं हात काढा, आणि ओठ नुसते मिटले तर बरं चाललंय. मी आजवरचे सगळे हं आठवून पाहिले. एकजात घशातले होते.

तुम्ही जन्मभर बस चालवलीत, म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल. साधी दुर्बीण मी इतकी वर्षं वापरतोय, तिला समोरचं दिसतं. या दुर्बिणीचा डोळा तिरका आहे. समोरचं धड दिसत नाही, बाजूचं दिसतं, आणि तेही आवाजाच्या लहरींनी पडद्यावर उमटलेलं, करड्या रंगाचं. म्हणजे पुढची काच रंगवून टाकलेली बस धुक्यातून, फक्त बाजूच्या आरशावर, बोळातून न्यायची. डाव्या अंगठ्याखाली दोन चाकं असतात, ती फिरवायची, आणि त्याच वेळी उजव्या हाताने दुर्बीण धरून मनगट वळवायचं. किती वळवायचं असं विचारलं तर बाई म्हणतात, केसभर. मी केसभर वळवलं की यकृत पडद्यावरून निघून जातं आणि मूत्रपिंड हजर होतं. (कोणाचा केस धरायचा ते सांगत नाहीत. छोटीचे केस लांब आहेत, माझे आखूड. त्यात फरक पडत असणार.)

पहिल्याच दिवशी बाईंनी मला विचारलं, पडद्यावर काय दिसतंय. आता चार लोकांत गप्प बसायची आपल्या घराण्याला सवय नाही. मी स्वादुपिंडाची शेपटी दाखवली. तिच्यावर थोडी सूज आहे असं निदान केलं. सूज का आली असावी याची कारणंही सांगितली, आणि उपचाराकडे वळणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "डॉक्टर, दुर्बीण अजून वाडग्यात आहे." खरोखरच होती. वापरायच्या आधी टोक पाण्यात बुडवून चित्र येतंय का ते बघतात, तेवढंच झालं होतं. मी ज्याला सूज म्हणालो तो वाडग्याचा काठ होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. आता सिस्टरपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे मला रोज सकाळी वाडग्याची तब्येत विचारतात.

लगेच माणसावर हात चालवू देत नाहीत, हे एक बरं. आधी भाऊसाहेब असतात. भाऊसाहेब म्हणजे टेबलावर आडवा पडलेला रबरी माणूस, त्याच्या पोटात जेलीसारख्या पदार्थाचं जठर, आणि जठराच्या मागे निळ्या पाण्याने भरलेला फुगा. तो फुगा म्हणजे तुमची पिशवी समजायची. त्यात जी नळी बसवायची तिला दोन्ही टोकांना पसरट कडा असतात, शर्टाच्या बाहीला लावायच्या दुहेरी बटणासारख्या. दुर्बिणीतून ती मिटलेली आत जाते. पहिली कड पिशवीच्या आत उघडायची, मग नळी हलकेच मागे ओढून ती कड भिंतीला टेकवायची, आणि मगच दुसरी कड जठरात उघडायची. क्रम चुकला तर नळी बसते भलतीकडेच आणि पाणीही जातं भलतीकडे. पाठ करायला अगदी सोपं आहे. मी आंघोळीला जातानाही म्हणत होतो.

त्या दिवशी माझी पहिली कड उघडली होती. मी मागे ओढायला लागलो, पण कड भिंतीला टेकेना. कोपर वर गेलं, चष्म्यावर घाम उतरला, जीभ बाहेर आली (हे छोटीने नंतर सांगितलं). बाईंना दया आली असावी. त्या अगदी मायेने म्हणाल्या, "सोडा हो डॉक्टर, सोडा." आता मामा, तुम्हीच न्याय करा. मास्तरांनी सोडा म्हटल्यावर विद्यार्थ्याने काय करावं? मी सोडलं. दुसरी कड तिथल्या तिथे उघडली, भाऊसाहेबांचा फुगा फाटला, आणि निळं पाणी त्यांच्या बरगडीतून उसळून बाईंच्या एप्रनवर, सिस्टरच्या पांढऱ्या बुटांवर आणि भिंतीवरच्या "शांतता राखा" या पाटीवर गेलं. बाईंचा हं या वेळी घशाच्याही खालून आला. मी म्हटलं, तुम्हीच सोडा म्हणालात. त्या म्हणाल्या, नाद सोडा म्हणत होते, नळी सोडा नव्हे. मी म्हटलं, मग नाद म्हणायला हवं होतं. छोटी मधे पडली आणि तिने व्याकरणाच्या अंगाने माझी बाजू घेतली, की वाक्यात कर्म नसेल तर जे हातात असेल तेच सोडायचं. सिस्टर बूट पुसत म्हणाल्या की आमच्याकडे नोकरीही सोडतात. शेवटी बाईंनी निकाल दिला. या खोलीत आजपासून सोडा बंद. नळीची कड उघडायची असेल तर "उघडा" म्हणायचं आणि काम थांबवायचं असेल तर "राहू द्या". सिस्टरनी तसा कागद दारावर चिकटवला. त्यामुळे ज्यांना आतली हकीकत माहीत नाही असे लोक बाहेर थांबून तो वाचतात, आणि इथे कुठलं व्यसन सोडवतात असं विचारतात. मला हल्ली पित्त होतं, पण कँटीनमध्ये सोडा मागायला जीभ रेटत नाही.

अंगठ्याचं तर विचारू नका. दिवसभर चाकं फिरवून तो असा आखडलाय की टूथपेस्टचं झाकण छोटीकडून उघडून घ्यावं लागतं. उलट मनगटाला केसभराची सवय इतकी लागली की खोलीचं कुलूप उघडेना. मी किल्ली केसभर फिरवायचो आणि वाट बघायचो. वसतिगृहाच्या रखवालदाराने येऊन ती सगळी फिरवली, आणि फार दयेने माझ्याकडे बघून गेला.

असं करत करत भाऊसाहेबांचे बरेच फुगे संपवले, आणि मग एके दिवशी बाई म्हणाल्या, उद्याचा पेशंट तुमचा, मी शेजारी उभी आहे. पेशंट म्हणजे एक सलूनवाले गृहस्थ. पिशवी अगदी तुमच्यासारखी, जागा तीच, आकार तोच. मी आदल्या दिवशी त्यांना सगळं समजावून सांगायला गेलो, तर त्यांचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नाहीच, माझ्या कानांकडे. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, डॉक्टर, हे कल्ले कुणी केले? मी म्हटलं, मीच, घरी. ते म्हणाले, डावा वर आहे. मग बाईंना बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की ज्या माणसाला स्वतःचे दोन कल्ले सारखे करता येत नाहीत त्याच्या हाती मी माझं पोट देणार नाही. बाईंनी त्यांची अर्धा तास समजूत घातली. मी तिथेच उभा होतो, डाव्या कानावर हात ठेवून. शेवटी ते तयार झाले, पण गुंगीचं औषध शिरेत जाईपर्यंत त्यांचा एक डोळा माझ्या कल्ल्यावर होता.

दुर्बीण आत गेली. पिशवी पडद्यावर आली, काळीभोर, गोल. भोक पडलं, पहिली कड उघडली, मागे ओढली, टेकली. इथपर्यंत मी केलं यावर माझाच विश्वास बसत नव्हता. बाई फळीवरून किंचित वाकल्या आणि म्हणाल्या, "उघडा." आणि मामा, मी तोंड उघडलं. चांगलं मोठं, मुखपट्टीच्या आड, दातांच्या डॉक्टरकडे उघडतात तसं. मुखपट्टी ताणून नाकावरून खाली आली तेव्हा सगळ्यांना कळलं. हातात नळी, समोर बेशुद्ध माणूस, आणि डॉक्टर आ वासून उभा. पुढचं लिहवत नाही.

तर एकूण प्रकार हा असा आहे. हे सगळं तुमच्या पोटात ठेवा. तिथे सध्या जागा कमी आहे हे मला माहीत आहे, तरी ठेवा. मामीला नमस्कार. औषधं वेळेवर घ्या, बागेला पाणी घालायला बादली उचलू नका, आणि शेजारच्या काकूंना टाळा.

आपला आज्ञाधारक (जास्तच आज्ञाधारक, हे वर आलंच आहे),
धांदल्या

ता. क. वरचं पत्र वाचून झालं असेल तर आता शांतपणे विचार करा. जो वाडग्याला सूज आली म्हणतो, सोडा म्हटलं की सोडतो आणि उघडा म्हटलं की तोंड उघडतो, अशा माणसाच्या हाती तुम्ही पोट देणार का? नाही ना? मग माझं ऐका. येत्या गुरुवारची तारीख मी घेऊन ठेवलीय. तुमची पिशवी बाई रिकामी करतील. त्यांच्या हाताला गुण आहे, हे मी इतके दिवस शेजारी उभं राहून बघितलंय. पलंग सांगून ठेवलाय, माझा धाकटा भाऊ तुम्हाला गाडीने आणेल. (गाडी तोच चालवेल. तुम्ही मागे बसायचं आणि गिअर कधी टाकायचा ते सांगायचं नाही.)

ता. क. दुसरा. दुसऱ्या दिवशी सकाळी. पत्र पाकिटात घालायच्या आधी मामीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती हसली, पण मग म्हणाली, "स्वतःला एवढा वेडा का करून घेतोयस? ते असल्या पत्राने ऐकणार नाहीत. खरं काय ते लिही." म्हणून लिहितो. वर लिहिलेलं सगळं घडलंय, एक अक्षर खोटं नाही. फक्त पुढचं लिहवत नाही असं म्हणालो, ते लिहितो. मी तोंड उघडलं तेव्हा छोटी हसली, सिस्टर हसल्या, बाईसुद्धा हसल्या, आणि त्या हसण्याने माझी भीती गेली. मग मी तोंड मिटलं आणि नळीची कड उघडली. जागच्या जागी बसली. पाणी धबाधबा जठरात उतरलं. बाईंनी ओठ मिटले, फळीवरून उतरल्या, आणि मी दुर्बीण बाहेर काढायच्या आत चहा प्यायला निघून गेल्या. इथे त्याला प्रमाणपत्र समजतात. सलूनवाले दोन दिवसांत पोटभर जेवून घरी गेले. त्यानंतरही मी काही पेशंट केले, सगळे नीट झाले. माझा हात चांगला आहे, मामा. तुमचा अंदाज बरोबर होता, म्हणून तर हे लिहायला इतकं जड जातंय.

पण परवा तुमच्या नव्या स्कॅनची चित्रं आली. बाईंनी ती पडद्यावर लावली आणि म्हणाल्या, सांगा, कुठून जाल. मी कोपऱ्यात तुमचं नाव वाचलं आणि मला काही दिसेना. पिशवी एवढी थोरली, छोटीला दारातून दिसली, मला दिसेना. लहानपणी तुमच्या बसमधून शेवटची फेरी करून आपण डेपोत यायचो, आणि गाडी धुवून होईपर्यंत मी तुमच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचो. त्या पोटात मला सुई घालता येत नाही. आयुष्यात घालता येणार नाही. बाईंनी पडदा बंद केला आणि म्हणाल्या, "मी माझ्या आईचं केलं नव्हतं. तुमच्या मामांचं मी करते." मी त्यांच्यासमोरच रडलो. त्यांनी हं केलं नाही.

तेव्हा गुरुवारी मी आत नसेन. बाई आतही येऊ देणार नाहीत, नातेवाइकांनी बाहेर बसायचं असा त्यांचा नियम आहे, आणि त्या मला म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही नातेवाईक. मी बाहेरच्या बाकावर मामीजवळ बसेन. ती मला धीर देईल.

ता. क. तिसरा, फक्त मामीसाठी. मामी, पत्र त्यांना वाचून दाखवताना सहीपर्यंतच वाच आणि पहिला ता. क. वाच. ते सोडून बाकीचं पान घडी घालून तुझ्याजवळ ठेव. मी रडल्याबिडल्याचं त्यांना कळलं तर ते म्हणतील, पोराला माझ्यापायी त्रास नको, राहू दे ती पिशवी.

ता. क. शेवटचा. मामा, मामीच्या हातून पान काढून घेऊन तुम्ही हे वाचताय, हे मला माहीत आहे. मला त्रास होणारच आहे, तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. आलात तर गुरुवारी दुपारपर्यंतच होईल. चष्मा पुसा आणि बॅग भरा.